धार काढणारी मूठ

माझ्या अंगात देवी येते यावर आमच्या गावाचा जेवढा विश्वास होता, तेवढा माझा स्वतःचा कधीच नव्हता. हे वाक्य लिहायला मला वयाची अडुसष्ट वर्षं लागली. लिहून झाल्यावर आभाळ काही कोसळलं नाही. गॅसवरचं दूध तेवढं उतू गेलं आणि सून म्हणाली, "आत्याबाई, दुधापाशी बसून काय लिवायलाव ओ?" मी म्हटलं, "पाप लिवायले." ती म्हणाली, "मग लई येळ लागंल. गॅस मीच बंद करते."

सांगायचं आहे ते माझ्या नातीचं. पण माझं खोटं सांगितल्याशिवाय तिचं खरं सांगता यायचं नाही, म्हणून आधी माझं सांगते.

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. मी इथं सून म्हणून आले तेव्हा अंगानं काडी होते आणि जीभ मात्र विळ्यासारखी होती. घरात बारा शेळ्या होत्या. त्यांच्या धारा मी काढायच्या, विहिरीचं पाणी मी वाहायचं, आणि सासूबाईंनी ओट्यावर बसून माझी पावलं मोजायची. पहिल्याच नवरात्रात मी एक गोष्ट हेरली. माळावरच्या आईच्या देवळात हलगी वाजू लागली की एक बाई घुमायला लागे, आणि ती घुमली की तिला कोणी काम सांगत नसे. देवी ज्याच्या अंगात येते त्याला आमच्याकडे झाड म्हणतात. वारा येतो तो देवीचा, हलतं ते झाड. मी मनात म्हटलं, आपणही झाड व्हायला काय हरकत आहे? तिसऱ्या माळेला, सकाळच्या आरतीत, मी अंबाडा सोडला आणि घुमू लागले.

घुमणं सोपं होतं. पण बाया हात जोडून विचारू लागल्या, "आई, काय पायजे?" आणि माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, होती ती पोटात भूक. मी कांदाभजी मागितली. नवरात्रात, देवीच्या तोंडून, कांदा! देऊळ गप्प झालं. आता मी पकडले गेले, असं वाटलं. पण गुरवबाबांनी डोळे मिटून अर्थ लावला, की कांदा म्हणजे डोळ्याला पाणी, म्हणजे गावावर काही तरी येणार आहे, सांभाळून राहा. मी लगेच पुढचं बोलून घेतलं, "ह्या झाडाला नऊ दिवस पाणी वाहू लावू नका." सासूबाई माझ्या पाया पडल्या. त्यांच्या हाताच्या मला गुदगुल्या झाल्या आणि हसू फुटलं. लोकांना ते हसूही देवीचंच वाटलं. इतकी वाह्यात होते मी. आज ती पोर समोर आली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग पोटाशी धरून भजी खाऊ घालीन.

एकदा झाड झाल्यावर मागं फिरता येत नाही. दर वर्षी बाया वाट बघायच्या. पुढची चाळीस वर्षं मी घुमत राहिले. पापण्यांची बारीक फट ठेवून बघायचे, कोण आलं आहे, कोणाच्या घरी काय चाललं आहे, आणि आपल्या अकलेनं सांगायचे. कोणाला सुनेला माहेरी पाठव म्हटलं, कोणाला दारूच्या बाटलीत देवीचा कोप आहे म्हटलं. कोणाचं वाईट केलं नाही. पण रोज देवळातून निघताना आईच्या मुखवट्याकडं बघून मनात म्हणायचे, आई, एवढं यंदाचं सांभाळून घे. ती सांभाळून घेत गेली. गुडघे गेले तेव्हा घुमणं थांबलं. मला वाटलं, चला, सुटले.

माझी नात वैष्णवी. घरात सगळे वैशू म्हणतात. गोष्ट घडली तेव्हा दहा वर्षांची होती. अक्षर असं, की बाई तिची वही इतर वर्गांत दाखवायला न्यायच्या. रांगोळीची रेघ काढावी तर तिनंच. गणपती बसले त्या सुमाराला तिच्या हातातून वस्तू पडू लागल्या. आधी चहाचा कप, मग कंगवा, मग दुधाचं भगुणं. पोरगी वेंधळी झाली म्हणून तिची आई रागावली. मग अक्षर बिघडलं. ओळ सोडून अक्षरं वर-खाली उड्या मारू लागली, जणू त्यांच्या अंगावर मुंग्या चढल्या आहेत. बाईंनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं, मुलीचं लक्ष नाही. मग खांदा उडायचा, भुवया चढायच्या, तोंड वेडंवाकडं व्हायचं. जेवताना घास तोंडाशी नेईपर्यंत हात भलतीकडं जायचा. कारण नसताना रडायची आणि डोळे पुसता पुसता हसायची.

आणि इथं माझी पहिली चूक. मी आयुष्यभर ढोंग केलेली बाई. मला वाटलं, पोरगी ढोंग करते आहे, माझ्यावर गेली आहे. खरं सांगते, मनातून मला कौतुकच वाटलं. एके दिवशी शेळ्यांपाशी तिला बाजूला घेतलं, डोळा मिचकावला आणि म्हटलं, "काय पायजे गं तुला? शाळा नको का? आजीला सांग. मी मिळवून देते, पण हे हातवारे जरा कमी कर. लई झालं की लोक वळखतात." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की ते डोळे मी विसरणार नाही. म्हणाली, "आजी, मी करत न्हाई गं. माझा हातच करायलाय." मी हसले. दुपारी ती झोपली तेव्हा जवळ जाऊन पाहिलं, तर हात, खांदा, चेहरा सगळं निवांत. मी सुनेला बोलावून दाखवलं, "बघ, झोपली की कसं सगळं थांबतं. जागेपणीच बरं येतं!" सुनेच्या मनात पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं. दत्ता, माझा लेक, म्हणाला, आठ दिवस बघू. आणि आठ दिवसांनी घट बसले.

पाचव्या माळेला सकाळी आम्ही देवळात गेलो. आरती सुरू झाली, हलगी कडाडली, आणि त्या आवाजानं वैशू दचकली. दचकल्यावर तिचं सगळं अंगच उडू लागलं. हात, मान, पाय, जीभ. मग माझी धाकटी जाऊ कौशी मोठ्यानं ओरडली, "अगं आली! अक्काचं वारं नातीच्या अंगात आलं!" झालं. बाया पाया पडू लागल्या. कोणी त्या दहा वर्षांच्या कपाळावर मळवट भरला, कोणी तिच्या ओटीत नारळ टाकला. ती रडत होती आणि लोक म्हणत होते, आई कोपली आहे. गुरवबाबांनी, म्हणजे त्या जुन्या गुरवबाबांच्या नातवानं, ठरवून टाकलं की आठव्या माळेला होमापुढं पोरीच्या हाती जोगव्याची परडी द्यायची. परडी दिली की पोर देवीची होते. मग शाळा, लग्न, सगळं देवीच्या मर्जीनं. आणि घट उठल्याशिवाय तिनं गावची शीव ओलांडायची नाही.

त्या दिवशी माझं हसू गेलं. कारण घुमणं म्हणजे काय ते त्या गर्दीत मला एकटीलाच ठाऊक होतं. घुमणारी बाई दमली की थांबते, पाणी मागते, लोकांकडं बघते. वैशू थांबत नव्हती, थांबता येत नव्हतं तिला. ढोंगाला एक ताल असतो, याला ताल नव्हता. हे ढोंग नव्हतं. आणि देवी असती तर लेकरू असं भेदरलं असतं का? मग हे होतं काय? ते मला कळेना. बोलावं तर कसं? "ही देवी न्हाई" असं म्हटलं की लोक विचारणार, तुला कसं कळलं? आणि त्याचं उत्तर चाळीस वर्षं माझ्या घशात अडकून होतं. मी गप्प बसले. माझ्या सगळ्या चुकांत ही मोठी. सहाव्या माळेपर्यंत पोरीची जीभ जड झाली, बोललेलं नीट कळेना, आणि जिना चढताना तिला दम लागू लागला.

सातव्या माळेला सकाळी देवीच्या नावानं वैशूला हिरव्या बांगड्या भरायचं ठरलं. देवळाच्या पायऱ्यांशी दर वर्षी आमच्या गावची कासारीण बसते. ती त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या जागी कोणी अनोळखी बाई टोपली घेऊन बसली होती. मणियारांची, मुसलमान, चाळिशीची, पान खाल्लेले लाल ओठ, मनगटावर गोंदलेलं. आमच्याकडं बांगडी भरणारी कोणीही असो, आम्ही तिला कासारीणच म्हणतो. तिला वर मंडपात बोलावलं. तिनं वैशूला समोर बसवलं, हात हातात घेतला, बोटं दाबून पहिली बांगडी चढवली, आणि वैशूचा हात उडाला. बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरी तर कासारणीच्याच बोटात रुतली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण त्या दिवशी वाढवली म्हणायचंही कोणाला सुचलं नाही. कौशी पुटपुटली, "आईला बांगड्या नकोत. आई रुसली."

कासारणीनं बोटाचं रक्त पदराला पुसलं. घाबरली नाही. म्हणाली, "बेटी, इकडं बघ. हे माझं बोट धर. घट्ट धर, सोडू नको." वैशूनं धरलं. ती बाई डोळे मिटून नुसती बसली, नाडी बघावी तशी. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, शेळ्या हाईत का घरी?"

"हाईत की. कावून?"

"मग तुमीच धरून बघा."

मी माझं बोट वैशूच्या मुठीत दिलं. मूठ दाबत होती आणि सुटत होती, दाबत होती आणि सुटत होती. पन्नास वर्षं मी शेळ्यांच्या धारा काढल्या आहेत. माझ्या हाताला ती लय झोपेतही कळते. माझी नात माझ्या बोटाची धार काढत होती. मी म्हटलं, "घट्ट धर की गं." ती कळवळून म्हणाली, "घट्टच धरलंय, आजी." तिच्या मते तिनं घट्टच धरलं होतं. त्या एका क्षणात मला पुरतं उमजलं, की हे लेकरू पाच आठवडे एकटंच लढत होतं, आणि आम्ही सगळे, कोणी पाया पडून आणि कोणी डोळा मिचकावून, त्याला एकटं सोडत होतो.

कासारीण विचारू लागली. "दोन म्हयन्यांमागं घसा दुखलता का पोरीचा? ताप आलता?" सुनेनं चमकून पाहिलं. श्रावणात आला होता. गिळताही येत नव्हतं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत ताप उतरला, तशा उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. पुढच्या खेपेला होतील म्हणून. ठेवल्या कोणी? मीच. कासारीण म्हणाली, "माझ्या भाचीला असंच झालतं. आमी दर्ग्यावर न्हेलं, धागे बांधले, सहा म्हयने घालवले. घशातला जंतू गेलता, पण जाता जाता आग लावून गेलता. मेंदूत बी आन् काळजात बी. आता तिच्या छातीवर हा एवढा टाका हाय." तिनं आपल्या छातीवर बोटानं रेघ ओढली. "पोरीला दम लागतो का?" सून रडू लागली.

कौशी मधे आली. "ए बाई, तू बांगड्या भर आन् जा. घट बसलेत. पोर शीव ओलांडत न्हाई."

कासारीण उठली. टोपलीवर फडकं टाकलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "देवी हाय म्हनता, तर ती दवाखान्यात बी येईल की पोरीसंगं. तिला का पायऱ्या उतरता येत न्हाईत?" आणि टोपली उचलून ती खाली गेली.

मंडपात कालवा झाला. दत्ता एकदा पोरीकडं, एकदा गुरवाकडं बघत होता. तेव्हा मला एक युक्ती सुचली. म्हातारी झाले तरी खोड जात नाही. म्हटलं, शेवटचं एकदा घुमावं. देवीच्याच आवाजात सांगावं, पोरीला दवाखान्यात न्या, आणि जाता जाता, कौशीनं दसऱ्यापर्यंत मौन धरावं, एवढंही जोडून द्यावं. खोटं बोलूनच पोर वाचत असेल तर एक खोटं अजून. मी अंबाडा सोडला आणि डोळे मिटले.

इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहिते. मी नेहमी पापण्यांची फट ठेवायचे म्हटलं ना, त्या दिवशी ती फट मला सापडली नाही. डोळे उघडेनात. गुडघे दुखायचे थांबले. पायाखालच्या फरशीतून काही तरी वर चढत आलं, विहिरीत पाणी चढतं तसं, गार आणि सावकाश. मी तोंड उघडलं ते ठरवलेलं वाक्य बोलायला. आणि माझ्याच तोंडून माझ्या कानांनी ऐकलं:

"मी ह्या झाडात आजवर कधीच आले न्हाई. हिनं चाळीस वर्षं माझं नाव घेऊन तुमाला फसवलं. आज आलेय. लेकराला उचला. मी पुढं होते."

एवढंच. कौशीचं नावही निघालं नाही. डोळे उघडले तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. चाळीस वर्षांची अब्रू एका श्वासात गेली होती. आणि मला, काय सांगू, पाण्याची घागर डोक्यावरून उतरवावी तसं हलकं वाटत होतं. पहिला हलला तो माझा दत्ता. त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं. गुरव बाजूला झाला. कौशीनंच वैशूच्या चपला उचलल्या आणि धावत मागं आली.

पायऱ्यांखाली काळीपिवळी जीप उभी होती आणि जीपवाल्याशी कासारीण भांडत होती, "थांब की बे, पेशंट येतोय." आम्हाला बघून ती टोपलीसकट पुढच्या सीटवर चढून बसली. कोणी बोलावलं नव्हतं. घाट चढताना ती एक शब्द बोलली नाही. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात ही गर्दी. आम्ही बावरून उभे राहिलो, कुठल्या खिडकीत जायचं, कुठल्या मजल्यावर, काही कळेना. तेव्हा तिनं टोपली कमरेला लावली आणि म्हणाली, "तुमी पोरीला धरा. मी पुढं होते."

देवळात माझ्या तोंडून निघाले तेच शब्द. दत्तानं ओढलं तेव्हा चालू लागले. मनाशी म्हटलं, बाईनं देवळातलं बोलणं ऐकलं असेल, तेच तोंडात आलं असेल. डॉक्टरांच्या दारापर्यंत तिनं आम्हाला नेलं, चिठ्ठी काढून दिली, वैशूच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पाणी आणायला वळले तोवर ती गेली होती.

डॉक्टरीण माझ्या नातीएवढी वाटावी इतकी कोवळी. तिनं वैशूला जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ बाहेर येई आणि पालीच्या शेपटीसारखी सटकन आत जाई. वहीवर नाव लिहून घेतलं. आणि मग तिनं आपली दोन बोटं पुढं केली, "धर बाळा, घट्ट." मी आणि सुनेनं एकमेकींकडं पाहिलं. मंडपातलीच ती तपासणी. डॉक्टरीण मला मराठीत समजावून सांगू लागली. घशात जंतू शिरतो. अंग त्याच्याशी लढायला शिपाई तयार करतं. जंतू मरतो, पण मेंदूच्या एका कोपऱ्याचा तोंडावळा नेमका त्या जंतूसारखा असतो. शिपाई फसतात आणि आपल्याच घरावर चालून जातात. कधी काळजाच्या झडपांवरही जातात. मी ऐकत राहिले. किती अद्भुत आणि किती भयंकर. इवल्याशा घशातली दोन दिवसांची ठसठस, आणि महिना-दीड महिन्यानं बोटांतून अक्षरं निसटतात. आपलंच अंग आपल्याला ओळखत नाही. मला वाटायचं मी देवीला फसवत होते. इथं अंग अंगाला फसवत होतं आणि त्यात कोणाचंच पाप नव्हतं.

मी विचारलं, "मग झोपेत कसं काय थांबतं ओ?" ती म्हणाली, "या आजारात थांबतंच, आजी. ते ढोंग नसतं." तिला काय ठाऊक, तिनं कुठं बोट ठेवलं ते. दुपारी खाटेवर वैशू झोपली. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, अगदी शांत. घरी याच शांततेला मी पुरावा म्हटलं होतं. तिथं बसून मी त्या हातांना हात जोडले. देवळात इतकी वर्षं जोडले, पण तितके मनापासून कधी जोडले असतील असं वाटत नाही.

छातीची तपासणी झाली. एका झडपेला थोडी गळती लागली होती. थोडीच. डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर आणलंत, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. हात सावकाश थांबतील, धीर धरा. आणि घसा पुन्हा बिघडून काळजाला अजून धक्का बसू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत एक इंजेक्शन घ्यायचं. मोठी होईपर्यंत, एकही न चुकवता. हे ऐकून मला हसू आलं आणि डोळेही भरले. पाचव्या माळेला घाबरून मी मनातल्या मनात आईला एकवीस शुक्रवारांचा नवस बोलले होते. तिनं ते ऐकून आपल्या हिशेबानं वाढवून दिले, असं मी सुनेला म्हटलं. सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी आता तिच्या तोंडून बोलायचं बंद करा." म्हटलं, बरं.

संक्रांतीपर्यंत खांदा थांबला. होळीच्या सुमाराला वैशूनं माझ्या समोर एक ओळ लिहिली. अक्षरं थोडी थरथरत होती, पण ओळीवर उभी होती. त्यानंतर पहिल्या बाजारच्या दिवशी मी तिला घेऊन धारूरला गेले. सहा महिने माझ्या मनात एकच घोळत होतं. ती बाई कोण होती? गावातल्या बायांनी तर ठरवूनच टाकलं होतं की आईच कासारणीच्या रूपात आली होती. मलाही ते आवडत होतं. तर बाजारात, किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यावर, फोनवर नवऱ्याला झाडत बसलेली ती दिसली. तेच लाल ओठ, तेच गोंदण. "सिलेंडर आणला का न्हाई तुमी? कावून न्हाई आणला?" देवीचा सिलेंडर संपला होता.

मी तिच्या पायाशी वाकले तर तिनं माझा दंड धरला. "मावशी, पाया काय पडायलीस. बेटीचा हात दे इकडं." वैशूनं हात पुढं केला. एक, दोन, तीन, डझनभर हिरव्या बांगड्या सरसर चढल्या. एकही वाढवली नाही. मग मी तिला विचारलं, तुम्ही दवाखान्याच्या दारात "मी पुढं होते" म्हणालात, ते माझं देवळातलं बोलणं ऐकून ना? ती गोंधळली. म्हणाली, "कंचं बोलणं? मी तर तवाच खाली गेलते. काळीपिवळी निघाली होती, तिला आडवी उभी ऱ्हायले. दुसरी गाडी दुपारशिवाय न्हवती. वर काय झालं मला काय म्हाईत?" मी म्हटलं, "पण आमी येऊ हे तुमाला कसं कळलं?" ती हसली. "कळलं कुठं? वाटलं, मंग थांबले."

मी यावर काही म्हणत नाही. जे लिहिलं ते घडलं तसं लिहिलं. एक बांगडीवाली एरवी ज्या गावाला येत नाही तिथं त्या वर्षी आली, आणि तिच्या आणि माझ्या तोंडी एकाच दिवशी तेच तीन शब्द आले. ते माझे नव्हते एवढं मला ठाऊक आहे. तिचे होते की नाही, ते तिला ठाऊक नाही. कौशी अजून अधूनमधून खाजगीत विचारते, "अक्का, खरं सांग, त्या दिवशीचं बी नाटकच व्हतं का?" मी सांगते, "कौशे, मला कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?" ती म्हणते, "नसतं." आमच्या घरात मला नीट ओळखणारी तीच एक.

आयुष्यभर मला वाटलं, देवीला शरण जाणं म्हणजे केस सोडून घुमणं. ते मला फार छान जमायचं. खरं जमायला हवं होतं ते एवढंच, की कोणी अनोळखी बाईनं "धरून बघा" म्हटलं की आपलं बोट पुढं करावं, आणि हाताला जे लागेल त्यावर विश्वास ठेवावा.

आता दर एकवीस दिवसांनी आम्ही दोघी जीपनं घाट चढतो. इंजेक्शन दुखतं. सुई टोचताना वैशू रडत नाही, माझं बोट धरते. मी डोळे मिटते आणि मुठीकडं लक्ष देते. दाबते आणि सुटते का, ते बघते. सुटत नाही. इतकी घट्ट धरते पोरगी, की माझ्याच बोटाला कळ लागते. परवा मी म्हटलं, "अगं सोड आता, सुई निघाली कवाच." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना आजी, थोडा येळ." म्हटलं, राहू दे. माळावरच्या आईला मी दुसरं काही मागितलं नव्हतं.